रबर बदललं तरी डिकीत पाणी येतंच आहे, कुठून येतं ते कसं शोधावं?

चिपळूणकर_चालक:
आठ वर्षं जुनी हॅचबॅक आहे. जोराचा पाऊस झाला की स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं, जॅक आणि पाना गंजले, कुबट वासाने गाडीत बसवत नाही. गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून डिकीचं रबर नवं टाकलं. फरक शून्य. आता तो म्हणतो, "सगळीकडे सिलिकॉन मारून देतो." मारू द्यावं का? की डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जावं?

स्पॅनर_दादा:
थांबा, आत्ताच काही मारू देऊ नका. आधी सांगा: गाडीला मागून कधी धडक बसली होती? सनरूफ आहे? मागच्या काचेला वायपर? आणि गाडी उतारावर लावता की सपाटीला?

चिपळूणकर_चालक:
धडक नाही, सनरूफ नाही. वायपर आहे. घरासमोर चढ आहे, गाडीचं तोंड वर करून लावतो. डावीकडचं कार्पेट जास्त भिजतं.

स्पॅनर_दादा:
मग छतावरचं सगळं पाणी मागेच येणार. छताच्या दोन्ही कडांना पन्हळीसारखी खाच असते, त्यातून ते मागच्या दिव्यांवर उतरतं. तुमचं रबर बहुधा ठीकच होतं. पाणी शिरतं एकीकडे, पत्र्याच्या आतल्या बाजूने सरकत सरकत सर्वांत खोल जागी जमतं, आणि ती जागा म्हणजे स्टेपनीचा खड्डा. तिथे पाणी दिसलं एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

असं करा. डिकी पूर्ण रिकामी करा. मॅट, कार्पेट, स्टेपनी, दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे पॅनेल, सगळं काढा. क्लिपा जपून, जुन्या झाल्या की तुटतात. पत्रा कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, डिकी बंद करायची आणि दुसऱ्याने बाहेरून नळाचा साधा पाईप धरायचा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो.

सुरुवात खालून करा. आधी बंपरची कड, मग मागचे दिवे, मग काचेची कड, वरचा ब्रेक लाईट, शेवटी छताचा सांधा आणि अँटेना. एकेका जागी चांगली काही मिनिटं पाणी सोडा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच एकदम भिजतं आणि शोध संपला. पावडरीवर जो ओघळ दिसेल, त्याच्या मागे मागे वर जायचं.

रबराची खात्री वेगळी करता येते. त्यावर खडू घासा, डिकी एकदा बंद करून उघडा. पत्र्यावर जिथे खडूची रेघ तुटते तिथे रबर टेकत नाही. तसं निघालं तर डिकीचं लॉक किंवा बिजागरी जुळवून घ्यावी लागते, नवं रबर आणून उपयोग नाही.

गुहागरी:
बंपरच्या मागे, आतल्या बाजूला, रबरी पडद्या असलेली एक जाळी असते, तीही बघा. दार लावताना आतली हवा तिथून बाहेर पडते. तिच्या भोवतीचा फोम कुजला की पाणी येतं. पण जाळीच चिकटपट्टीने बुजवू नका हं! आमच्याकडे एका महाभागाने बुजवली होती. दारं आपटल्याशिवाय लागेनात आणि काचांवर सदा धुकं.

दापोली_ते_दादर:
एवढा खटाटोप कशाला? मी दिव्याभोवती सिलिकॉन फासलं, अजून मस्त चाललंय.

स्पॅनर_दादा:
चालेलही. पण व्हिनेगरसारखा वास येणारं जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं. उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, पेंटर शिव्या घालतो. दिव्याला आणि ग्रोमेटला (पत्र्याच्या भोकात बसवलेलं रबरी बूच) ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेनचा सीम सीलर, म्हणजे सांधे बुजवायची पेस्ट. सिलिकॉनच लावायचं असेल तर न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारं) असं लिहिलेलं घ्या.

चिपळूणकर_चालक:
सापडलं! डावा मागचा दिवा. भाचा आत बसला होता, दिव्याच्या वरच्या नटापाशी ओघळ दिसताच ओरडला. दिवा काढला तर मागचा फोमचा गास्केट चपटा होऊन एका जागी फाटलेला. नवा मागवला आहे. पण नटाजवळ थोडा गंज आहे, त्याचं काय? आणि नट किती आवळायचे?

स्पॅनर_दादा:
गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, खाचांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण), मग प्रायमर, वर टच-अपचा रंग. पूर्ण सुकल्यावरच गास्केट बसवा. नट हाताने, आलटून पालटून, गास्केट सारखा दबेल एवढेच. जोर लावलात तर दिव्याचं प्लॅस्टिक तडकतं आणि तिथून पुन्हा गळती. पाईपची परीक्षा परत घेऊन मगच पॅनेल चढवा. कार्पेटखालचा जाड फेल्ट बाहेर काढून उन्हात वाळवा. वरून कोरडा वाटला तरी आत पाणी धरून असतो आणि वास त्याचाच असतो.

सातारी_सीएनजी:
धागा चोरतोय, माफी. माझ्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय. टाकीखाली ओल दिसते, पण टाकी हलवल्याशिवाय काहीच तपासता येत नाही.

गुहागरी:
टाकीचे बोल्ट स्वतः सोडू नका. ब्रॅकेटसाठी आणि पाईपसाठी डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असतात. तिथे वॉशर-सीलर नीट नसेल तर चाकाने उडवलेलं पाणी खालून वर येतं. गाडी फक्त चालवल्यावर भिजते आणि उभी असताना कोरडी राहते, असं असेल तर संशय तिथेच घ्या. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) दर ३ वर्षांनी करावीच लागते. तुमची तारीख जवळ आली असेल तर टाकी उतरलेली असतानाच टेस्ट सेंटरवाल्याकडून भोकांना सीलर आणि ब्रॅकेटखाली गंजरोधक रंग मारून घ्या.

सातारी_सीएनजी:
अगदी तसंच होतंय, उभ्या गाडीत थेंब नाही. टेस्ट दिवाळीनंतर आहे, तोवर खालून काही करता येईल?

गुहागरी:
गाडी लिफ्टवर घेऊन खालून बोल्टांभोवती सीम सीलर लावता येतो. फक्त चिखल आधी पूर्ण धुऊन वाळू द्या, ओल्या पत्र्याला तो धरत नाही.