खिलार बैल भातपट्ट्यात टिकतील का?

माणकाठ: मंगळवेढ्याकडील आमच्या काळ्या रानात शाळू (रब्बी ज्वारी) होतो आणि दावणीला खिलार जातीच्या बैलांची जोडी आहे. भावाने अकोले तालुक्यात भातशेती घेतली असून, जोडी तिकडे न्यावी असा त्याचा आग्रह आहे. तिकडच्या पावसात आणि चिखलणीत हे बैल निभावतील का?

खाचर: मी त्याच भागातला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो: नेऊ नका. आमच्याकडे अकोले, इगतपुरी, त्र्यंबक या पट्ट्यात डांगी जातीची जनावरे का आहेत, ते आवणीच्या (भाताची रोपे लावायच्या) दिवसांत एकदा येऊन पाहा. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही. खूरही काळे आणि टणक असतात. खिलार कोरड्या मुलखातला, चपळ, वाटचालीचा बैल आहे. गुडघाभर चिखलात दिवसभर उभा राहिला की त्याचे खूर मऊ पडतात आणि मग जखमा चिघळतात. तिकडे जोडी हवीच असेल, तर राजूर किंवा घोटीच्या बाजारात डांगी पाहावी.

दावण: खुरांइतकाच प्रश्न वैरणीचा आहे, आणि तो बहुधा कोणी विचारात घेत नाही. तुमचे बैल मालदांडी ज्वारीच्या कडब्यावर वाढलेले आहेत. भाताच्या पेंढ्यात सिलिका (वाळूसारखे न पचणारे खनिज) जास्त असते आणि त्यातील ऑक्झलेट हा क्षार कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे पोट भरलेले दिसले तरी जनावर खंगत जाते. (उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचेही तसेच आहे, आमच्याकडे कोल्हापूर भागात नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली म्हैस व्यायली की कॅल्शियमच्या बाटल्या लावाव्या लागतात.) पेंढा घालावाच लागला, तर सोबत हिरवा चारा आणि खनिज मिश्रण द्यावे. भिजून बुरशी धरलेली पेंढी मात्र दावणीत टाकू नये.

माणकाठ: वैरणीचा विचार आम्ही केलाच नव्हता; ट्रकने कडबा पाठवू, असे भाऊ म्हणत होता.

खाचर: कडब्याची गंजी आमच्या पावसात झाकायची कुठे? इथल्या गोठ्यात पेंढा कोरडा ठेवतानाच नाकी नऊ येतात, आणि कडब्याची जाड ताटे एकदा भिजली की आतून काळी पडतात. जोडी सांगोल्याच्या बाजारात दाखवा. तिथे खिलारची पारख असलेले गिऱ्हाईक भेटेल.