घरात कुणालाच नव्हता, तरी कसा झाला?

वर एका ताईंनी विचारलंय, "आमच्या सासरी-माहेरी कुणालाच कॅन्सर नव्हता, मग मामांना कसा झाला?" ताई, आईवडिलांकडून सदोष जनुक आल्यामुळे होणारे कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्केच. बाकीचा बिघाड जन्मानंतर, त्या त्या अवयवाच्या पेशींत होतो.

माझे काका रावेरकडचे, दिवसभर केळीच्या मळ्यात. तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरायचे. तिथेच आधी पांढरा चट्टा आला, मग भरीत झोंबायला लागलं. तंबाखूतल्या नायट्रोसमाईन रसायनांपासून बनलेले घटक पेशीतल्या डीएनएला, म्हणजे जनुकं ज्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेली असतात त्या धाग्याला, चिकटतात. पेशी दुभागताना त्या जागी चुकीचं अक्षर उतरतं आणि त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या पेशींत तसंच जातं. पण एका चुकीने सहसा कॅन्सर होत नाही. "वाढ" म्हणणारं जनुक सतत चालू राहावं लागतं, "थांब" म्हणणाऱ्याच्या बहुतेक वेळा दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात (अमेरिकन शास्त्रज्ञ अल्फ्रेड नडसन यांनी 1971 मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांतल्या गाठींवरून हे मांडलं). पी-53 हे असंच "थांब" म्हणणारं जनुक; ते बिघडलेल्या पेशीला दुरुस्तीसाठी रोखतं, नाहीतर मरायला लावतं. तेच गेलं की चुका साचतच जातात. याला वर्षं लागतात, म्हणून विशीतली सवय पन्नाशीत भोवते.

मामांची मुलं तंबाखू-गुटखा खात असतील तर "आपल्यात नाही" म्हणून त्यांना निर्धास्त राहू देऊ नका. तोंडात तीन उभी बोटं मावत नसतील, चट्टा दोन-तीन आठवड्यांत जात नसेल, तर लगेच दाखवा. काकांनी तो सहा महिने लपवला होता.