मोटरहोममध्ये झोपायची सोय कशी बघावी? आम्ही दोघंही पासष्टीपुढचे

नौपाड्याची काकू
नोव्हेंबरात लेकीकडे न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चला चाललोय. तिथून बारा दिवस मोटरहोम भाड्याने घेऊन टेकापो, वानाका असं फिरायचंय. गाडी हे चालवणार, तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, नवीन गुडघा बसवलाय. यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं.

लेकीने तीन गाड्यांचे नकाशे पाठवलेत. पहिलीत मागे तीन बाजूंनी बैठक, रात्री तिचाच डबलबेड करायचा. दुसरीत कायमचा डबलबेड, पण आडवा, तीन बाजूंना भिंत. तिसरीत दोन कडांना दोन सिंगल बेड, मधे चालायची वाट. लेक म्हणते दुसरी घ्या, गादी छान आहे. माझं मन धजत नाही. अशा गाडीत रात्री काढलेल्यांनी सांगा.

नेरूळकर
काकू, आडवा बेड अजिबात घेऊ नका. आम्ही तोच घेतला होता. आत मी, बाहेरच्या बाजूला बायको. उठायचं तर तिला ओलांडून. तिची झोप मोडू नये म्हणून मी संध्याकाळनंतर पाणीच बंद केलं, मधुमेह असताना. फार चुकलं ते. शिवाय आडव्या बेडची लांबी म्हणजे गाडीची आतली रुंदी. मी पाच फूट दहा इंच, पाय सरळ केले की तळवे भिंतीला, आणि पहाटे तिथे दमट धरून मोजे ओले.

बैठकीचा बेड रोज मांडायचा नि मोडायचा. टेबल उतरवा, पाठीच्या गाद्या खाचेत बसवा. वाकून वाकून कंबर धरते. दुपारी एकाला आडवं व्हावंसं वाटलं तर दुसऱ्याने बसायचं कुठे?

घोडबंदरची फिजिओ
काकू, उंचीही विचारून घ्या. खाली सामानाचा कप्पा असला की बेड उंच जातो आणि पायरी लागते. पायरी असलीच तर चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा, आणि धरायला दांडी हवीच. गादीवर बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. घरी कुठल्या बाजूने उतरता? तीच बाजू तिथे ठेवा. अंधारात सवयच कामी येते.

नौपाड्याची काकू
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री हॉलमधला टीपॉय हलवून दोन्ही दिवाण समोरासमोर ओढले. नकाशात मधली वाट ५५ सेंटिमीटर आहे, तेवढीच टेपने मोजून ठेवली आणि तिथेच झोपलो. हे दोनदा उठून बाथरूमला जाऊन आले, मला कळलंसुद्धा नाही. एरवी यांनी कूस बदलली तरी मी जागी होते. एक्केचाळीस वर्षांत घरात असे वेगळे पहिल्यांदाच झोपलो. पहाटे हात लांब केला तर यांच्या मनगटापर्यंत पोचला.

तिसरी गाडी पक्की. लेकीला कळवलंय: डावा बेड माझा, डोकं मागच्या काचेकडे. म्हणजे घरच्यासारखं उजवीकडूनच उतरता येईल. बेडची उंची आणि दांडीचं ती आज फोन करून विचारणार आहे.