आईच्या गोंदणामुळे अडलंय: हाकोनेत ओन्सेन कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये आईला (वय 71) घेऊन जपानला जातेय. दोन रात्री हाकोनेला, गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानगृह, म्हणजे ओन्सेन, असलेल्या चांगल्या हॉटेलात राहायचं ठरवलंय. आयुष्यभर पहाटे उठून बंब पेटवला तिने, आता कुणीतरी तिच्यासाठी पाणी तापवलेलं असावं, एवढीच इच्छा.

अडचण गोंदणाची. आईच्या डाव्या हातावर मनगटापासून वर तुळशीवृंदावन आहे, कपाळावर टिंब. लहानपणी आजीने गोंदवून घेतलेलं, आता हिरवट पडलंय. एका हॉटेलला फोटो पाठवून विचारलं, तर सामायिक स्नानगृहात प्रवेश नाही असं उत्तर आलं. तिकडे गोंदणाचा संबंध याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडतात हे मला माहीत आहे, पण आईला हे कसं सांगू? अजून सांगितलेलं नाही.

म्हणून खोलीलाच जोडून रोतेंबुरो, म्हणजे उघड्यावरचं कुंड, असलेली खोली शोधतेय. तसंही सगळ्यांसमोर विवस्त्र उतरायला आई तयार होणार नाही. अशा कुंडात झऱ्याचंच पाणी येतं की साधं पाणी तापवून भरतात, हे बुकिंगआधी नेमकं कसं विचारायचं? आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पाणी 42 अंशांच्या आसपास असतं म्हणतात, ते खोलीत कमी करता येतं का? आणि गुडघे दुखणाऱ्यांना धरायला कठडा असतो का?

आईवडिलांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.