पुरवठा परिषदेच्या ताटात दादर ज्वारीची भाकरी, आमच्या पिशवीत काय?

तापीकाठचा मास्तर
परवा इथे एका निवृत्त पुरवठा निरीक्षकांनी पोस्ट टाकली. जळगावला एका हॉटेलात पुरवठा अधिकाऱ्यांची दोन दिवसांची परिषद झाली, तिचे सात फोटो आणि खाली मजकूर: "परिषदेवर पैसा उधळला म्हणणाऱ्यांना रेशन कसं चालतं तेच माहीत नाही. दोन दिवस एकत्र बसलं की वर्षभराच्या अडचणी सुटतात. लोकांनी आधी व्यवस्था समजून घ्यावी, मग बोलावं." कमेंटमध्ये दोन ओळी लिहायला बसलो आणि हात थांबेना, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, व्यवस्था आम्हाला चांगली समजते. माझी काकू चोपडा तालुक्यात राहते, वय ७४. जन्मभर कापूस वेचला, अंगठ्यावर रेषा म्हणून उरली नाही. मागच्या महिन्यात गावी होतो, तिच्यासोबत दुकानावर गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला, लाल. दुकानदाराने खोबरेलाची बाटली पुढे केली. तेल लावून डावा अंगठा, मग तर्जनी. मागे वीसेक बाया उन्हात उभ्या. तेवढ्यात दुकानदार म्हणे, "सर्वर बंद शे. सांजले या." सांजेला गेलो तर लाइट नाही. चौथ्या खेपेला मधलं बोट लागलं. एकट्या बाईचं प्राधान्य कार्ड, धान्य ५ किलो. त्यासाठी चार खेपा.

आता फोटो बघा. स्टेजवर नऊ खुर्च्या, नऊ पुष्पगुच्छ, मागे बॅनर "लाभार्थी केंद्रस्थानी". सातही फोटोंत मला एक लाभार्थी दाखवा. एक दुकानदार दाखवा. पाचवा फोटो मोठा करून पाहिला तर जेवणाचं टेबल. दादरची भाकरी, भरीत, ठेचा, शेवभाजी. शेजारी कंदील टांगलेली लाकडी बैलगाडी. खान्देशी थीम!

विषयपत्रिकेत ई-केवायसी (आधारवरून कार्डधारकाची ओळख पटवणं), डॅशबोर्ड, फोर्टिफाइड तांदूळ आणि "तणावमुक्त प्रशासन". तणावमुक्तीला दीड तास. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ ला शून्य मिनिटं. हक्काचं धान्य मिळालं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा असं ते कलम सांगतं, २०१५ ला त्याचे नियमही निघाले. आमच्या पंचक्रोशीत तो भत्ता कोणाच्या हातात पडलेला मी पाहिला नाही.

परिषद घ्या, नको कोण म्हणतं? पण ७ तारखेला, अन्नदिनाला, गावातल्या दुकानाच्या ओट्यावर घ्या.

निवृत्त निरीक्षक
मास्तर, ती पोस्ट माझीच. ३१ वर्षं या खात्यात काढली, त्यातली सहा गोदामावर. बैलगाडीच्या थीमवरून खातं मोजू नका.

पहिलं, काकूंना चौथ्या खेपेला का होईना धान्य मिळालं, म्हणजे कलम ८ इथे लागत नाही. कायदा काढता तर पुरता वाचा. दुसरं, अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, हे केंद्राने राज्यांना २०१७ मध्येच कळवलंय. तिसरं, म्हाताऱ्या माणसाने स्वतः यायची गरजच नाही, त्याच्या वतीने धान्य उचलणारा नॉमिनी नोंदवता येतो. हे कित्येक नव्या निरीक्षकांना ठाऊक नसतं. महसुलातून कालच आलेल्या पोराला कोण सांगणार? परिषदेतच कळतं ना!

आणि खरं सांगू का, स्टेजवरचं कोणीच ऐकत नाही. काम चहाच्या टपरीवर होतं. अशाच एका बैठकीत नवापूरकडच्या एका कारकुनाकडून मला कळलं की एक देश एक रेशनकार्डमुळे परगावचे लोक एखाद्या दुकानातून उचल करतात आणि त्या दुकानाचं नियतन, म्हणजे ठरलेला धान्यकोटा, महिनाअखेरीआधीच संपतो. वर कसं कळवायचं, वाढीव नियतन कसं मागायचं, हे त्याने रुमालावर लिहून दिलं. तो रुमाल परिपत्रकात मिळत नाही.

तापीकाठचा मास्तर
म्हणजे २०१७ चं पत्र अजून चोपड्याला पोचलं नाही आणि त्यासाठी हॉटेल लागतं? बरं. नॉमिनीचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं, तेवढं मान्य. पण ते मला तुमच्याकडून कळलं, तुमच्या परिषदेतून नाही.

केशरीवाला, पारोळा
या सगळ्यात केशरी कार्डाचं कोणी बोलणार आहे का? मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी महिन्याला माणशी १५० रुपये खात्यात सुरू झाले. आमच्या जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याने काय पाप केलं? कापूस आमचाही तोच, बोंडअळी तीच. फुकट धान्याच्या प्राधान्य यादीत जायला ग्रामीण भागात उत्पन्न वर्षाला ४४ हजारांच्या आत पाहिजे. महिन्याला ३,७०० पण नाही! सालदारसुद्धा याच्यावर कमावतो. ही मर्यादा कोणत्या परिषदेत वाढणार ते सांगा.

रेशन दुकानदार (नाव कशाला)
मास्तरांनी दुकानदाराची आठवण काढली, आभार. एरवी आमची आठवण चोरीच्या बातमीतच येते.

हिशोब ऐका. क्विंटलला १५० रुपये कमिशन, ओरडून ओरडून आता १७० झालं. माझ्याकडे महिन्याला ६० क्विंटल. १०,२०० रुपये झाले. त्यात गाळ्याचं भाडं, लाइट बिल, हमाल, एक मदतनीस पोरगा, आणि मशीनचं रिचार्ज संपलं की ते माझ्याच खिशातून. दुकानापर्यंत धान्य आणणारी द्वारपोच गाडी येते, पोतं कागदावर ५० किलो. बारदानाचंच वजन अर्ध्या किलोवर. मी एक पोतं काट्यावर ठेवलं तर ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, अजून अकरा गावं आहेत." ही घट मी कुठून भरू? लोकांच्या मापातून भरली तर मी चोर, घरून भरली तर बायको विचारते.

सर्वर बंद पडला की शिव्या मला. काकूला तेल लावायला सांगणारा तो दुकानदार तुम्हाला विनोदी वाटला असेल. आम्ही लिंबू, राख, गरम पाणी सगळं करून पाहिलंय. परिषदेचं निमंत्रण मला ३० वर्षांत आलेलं नाही. आलं असतं तर काटा घेऊन गेलो असतो.

सोलापूरकर सध्या धुळ्यात
विषय गंभीर आहे, पण कोणीतरी बोललंच पाहिजे: दादर दादर काय लावलंय? भाकरी सोलापूरच्या मालदांडी ज्वारीचीच. दादर ही मालदांडीची खान्देशी नक्कल.

देवपूरची आक्का
कोण रे हा? भाऊ, तुमची मालदांडी मोहोळहून आलेलं वाण. आमची दादर तापीच्या काळ्या मातीत पिढ्यान् पिढ्या पिकून राहिली. पाऊस सरला की पेरायची, नुसत्या ओलीवर येते, पाण्याची पाळी लागत नाही. भाकरी सकाळी केली तर रात्री दुधात मोडता येते. मालदांडीची दुपारीच वाळते. धुळ्यात राहून धुळ्याचं पाणी पिता आणि असं लिहिता?

सोलापूरकर सध्या धुळ्यात
आक्का, धुळ्याचं पाणी किती दिवसांनी येतं ते नका काढायला लावू.

निवृत्त निरीक्षक
भाकरीवरून एक सांगतो, कारण मास्तरांचा टोमणा तिथेच होता. रेशनमध्ये ज्वारी द्या म्हणून तुम्हीच मोर्चे काढता. दिली तेव्हा काय झालं? आधारभूत किमतीने घेतलेली खरीप हायब्रीड ज्वारी आली. २०२४-२५ चा दर क्विंटलला ३,३७१ रुपये. त्या भावात दादर कोण विकेल? ऐन कापणीला पाऊस झाला की हायब्रीडचं कणीस काळं पडतं, बुरशी धरतं. गोदामात आली तेव्हा मी स्वतः मूठभर हातात घेतली होती, बोटं राखाडी झाली. लोकांनी दुकानातच ओतून दिली. मग पुन्हा तांदूळ, आणि पुन्हा आम्हीच वाईट.

तापीकाठचा मास्तर
काळी पडलेली ज्वारी खरेदी केंद्रावर घेतली कोणी? मोर्चेवाल्यांनी? आणि तांदळाचं म्हणाल तर २०२२ ला सरकारची गहू खरेदी घसरली, तेव्हा महाराष्ट्राचा गहू कापून तांदूळ वाढवला. आमच्याकडे भात सणाला किंवा तापाला. रोजच्या ताटाला भाकरी लागते. परिषदेत तुम्हीही भातावर नाही भागवलं.

सातपुडा पायथा
आमच्याकडे वेगळंच. त्या तांदळात काही दाणे पाण्यावर तरंगतात. माय सुपात घेऊन एक एक निवडून फेकायची, प्लास्टिकचा तांदूळ म्हणायची. शेजारणीने तर चुलीत टाकून पाहिला, जळाला तरी विश्वास नाही. मी वाचून सांगितलं की ते पोषणाचे दाणे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून मशीनवर दाण्यासारखे पाडतात, साध्या १०० दाण्यांत असा एक मिसळतात. माय म्हणे, "मग मी वरिसभर औषधच कोंबड्यासले टाकं का?" हेच कोणी दुकानावर दोन मिनिटं सांगितलं असतं तर? त्यावरही परिषदेत पीपीटी झाला असेलच.

आणि अक्कलकुवा-धडगावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत. लोह घातलेला तांदूळ त्यांनी खायचा की नाही, हे आम्हाला कोण सांगणार?

निवृत्त निरीक्षक
सिकलसेलच्या रुग्णांसाठी तसा इशारा पिशवीवर छापायचा नियम होता. समितीने तपासलं, नुकसान होतं असा पुरावा मिळाला नाही, म्हणून २०२४ मध्ये तो काढला. पण गावोगाव सांगायला हवं होतं हे तुमचं बरोबर आहे. मायला माझा नमस्कार सांगा.

केशरीवाला, पारोळा
आम्हाला तरंगणारे पण मिळत नाहीत आणि बुडणारे पण नाहीत.

बाजारपेठ भुसावळ
सगळे गरिबांचे कैवारी. आमच्या गल्लीत महिन्याच्या १५ तारखेनंतर एक माणूस सायकलवर तराजू घेऊन येतो, "रेशन तांदूळ देनाऽऽ" ओरडतो आणि घरोघर पिशव्या बाहेर येतात. पंधरा-अठरा रुपये किलो. १ जानेवारी २०२३ पासून फुकट झालं, तेव्हापासून जोरात. फुकटचं विकायचं आणि परिषदेच्या भाकरीवर डोळा. आमच्या टॅक्सचा पैसा आहे भो.

देवपूरची आक्का
तुम्ही साबण घेता तेव्हा टॅक्स भरता, तेवढा माझी कामवाली पण भरते. ती तांदूळ विकते, हो, विकते. त्या पैशात चक्कीवरून ज्वारीचं पीठ आणते. पोरांना भाकरी लागते म्हणून. याला चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण एकदा तिच्यासमोर म्हणून दाखवा. मी पत्ता देते.

बाजारपेठ भुसावळ
पत्ता नको. पण ती ज्वारीच घेते हे कशावरून?

देवपूरची आक्का
कारण ती भाकरी माझ्याच ओट्यावर बसून खाते. तुमच्या घरी कामवाल्या बाईला बसायला देतात का, ते आधी सांगा.

रेशन दुकानदार (नाव कशाला)
सायकलवाल्याला पकडायला गेलो तर तो माझंच नाव सांगेल. अनुभव आहे.

सोलापूरकर सध्या धुळ्यात
आक्कांसमोर माघार. दादर बरी. पण कडबा मालदांडीचाच.

सातपुडा पायथा
मास्तर, ओट्यावर परिषद घ्या म्हणता ते ऐकायला छान. आमच्या पाड्यावर या. मशीनला रेंज नाही म्हणून दुकानदार ते घेऊन टेकडीवर जातो आणि आमच्या बाया मागे चढतात. म्हाताऱ्या खालीच राहतात. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं. किती हेलिकॉप्टरं आली होती! आता त्याच आधारची बोटं जुळवायला टेकडी चढा. नऊ खुर्च्या त्या टेकडीवर कोण नेईल?

निवृत्त निरीक्षक
त्या टेकडीवर मी चढलोय. खुर्चीविना. एका पावसाळ्यात घसरून गुडघा फोडला, तो अजून दुखतो. सगळे साहेब हॉटेलातले नसतात, एवढंच लक्षात ठेवा.

तापीकाठचा मास्तर
गुडघ्याबद्दल आदर आहे, मनापासून. मग तुमच्यासारख्यालाच स्टेजवर का नाही बसवलं? तुम्ही फोटो क्रमांक तीनमध्ये शेवटच्या रांगेत आहात, मी ओळखलं.

निवृत्त निरीक्षक
निवृत्तांना शेवटचीच रांग असते. आणि खरं सांगायचं तर तणावमुक्तीच्या सत्रात मी झोपलो होतो.

चाळीसगावची सून
मधेच विचारते, रागावू नका. सासूबाईंचं ई-केवायसी राहिलंय, बोटं लागत नाहीत, त्या अंथरुणावर आहेत. दुकानदार म्हणतो तहसीलला आणा. गाडी करून न्यायला १,२०० रुपये मागतात. काय करू?

निवृत्त निरीक्षक
ताई, नेऊ नका. मोबाइलवर चेहऱ्याने ई-केवायसी होतं, "मेरा ई-केवायसी" ॲप. सोबत आधार फेस आरडीचं ॲप टाकावं लागतं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी येतो. उजेडात बसवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. झालं नाही तर इथेच लिहा, तिथल्या कार्यालयात माझ्या ओळखीचा एक जण आहे.

तापीकाठचा मास्तर
ताई, नॉमिनीचा अर्जही सोबतच द्या. मी काकूचा भरायला घेतलाय. साहेब, त्याला दुकानदाराची सही लागते का हो?

रेशन दुकानदार (नाव कशाला)
आमच्याकडे तरी मागतात. पण सोमवारी जाऊ नका, साहेब मीटिंगला असतात.