चेटकीण, हडळ की डाकीण? कॉलेजातल्या मांत्रिक मुलींना काय म्हणावं?

घोडबंदर रोडहून :
नमस्कार. मी तरुण वाचकांसाठी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहिते आहे. ठाण्यातल्या एका काल्पनिक कॉलेजात एफवायला आलेल्या चार मुलींना मंत्रविद्या येते, आणि लेक्चर, सबमिशन, केटी सांभाळून त्या ती शिकत राहतात. या मुलींना काय म्हणू? 'चेटकीण' म्हटलं की बाकदार नाकाची म्हातारी दिसते. 'जादूगारीण' टोपीतून ससा काढणारी वाटते. हडळ, जखीण, डाकीण यांपैकी एखादा शब्द चालेल का? आणि त्यांच्या गटाला काय म्हणावं?

चेंदणीहून :
ताई, आधी हडळ आणि जखीण बाजूला ठेवा. दोघी मेलेल्या आहेत! हडळ म्हणजे अतृप्त मरण आलेल्या बाईचं भूत. जखीण मुळात यक्षिणी, पण मराठीत येता येता तीही पिशाच्चांत जमा झाली. तुमच्या मुली जिवंत आहेत, लोकलने येतात, विद्या शिकून मिळवतात. चेटूक करते ती चेटकीण. शब्दातच तिचं काम सांगितलेलं आहे.

म्हातारीच्या चित्राला घाबरू नका. ते बऱ्याच अंशी रंगभूमीने दिलं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिच्यावर लुब्ध झाली. म्हणजे या शब्दाला भीतीइतकाच लाडही चिकटलेला आहे. 'तिने काय चेटूक केलंय याच्यावर कोण जाणे' हे आपण प्रेमात पडलेल्या मुलाबद्दल सहज म्हणतो. करणी, मूठ, भानामती हे शब्द असे वापरता येत नाहीत, त्यांत फक्त वाईटच करणं आहे. विद्येला म्हणून 'चेटूक'च म्हणा. रूपं नीट चालवा : चेटकाचा, चेटकाने, चेटकिणीला, चेटकिणींचा. मुलगा असेल तर चेटक्या.

गटासाठी मात्र मी मंडळ, मेळा असलं काही वापरणार नाही. ठाण्यात तलावपाळीला रोज संध्याकाळी जमणाऱ्या पोरींचा असतो तो कट्टा. 'आज कट्ट्यावर ये, नवीन मंत्र मिळालाय' हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

शहापूरहून :
डाकीण या शब्दाबद्दल कळकळीने सांगतो, तो वापरू नका. सातपुड्यात, नंदुरबारकडे, 'डाकीण' ठरवून बायकांना मारलं आहे, गावाबाहेर काढलं आहे. आमच्या बाजूला, शहापूरपासून जव्हारपर्यंत, त्याच अर्थाचा शब्द 'भुताळी'. घरात आजारपण आलं, गुरं दगावली, की भगताला, म्हणजे गावातल्या मांत्रिकाला, विचारायचं आणि भगताने एखाद्या बाईकडे बोट दाखवायचं. बहुतेकदा ती विधवा किंवा एकटी असते. तिने काहीही केलेलं नसतं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असा आळ घेणं हा गुन्हा आहे. अमकी बाई मंत्रतंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवणंही त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

चेटकीण म्हणूनही बायकांना त्रास झालेला आहे, हे विसरू नये. पण तो शब्द गोष्टीत रुळलाय, भुताळी तसा रुळलेला नाही. तुमच्या नायिकेचं गाव मुरबाडकडचं असेल आणि तिच्या आजीवर हा आळ आला असेल, तर जरूर लिहा. मग तो शब्द गावकऱ्यांच्या तोंडी द्या, निवेदनात नको.

घोडबंदर रोडहून :
दादा, हे मनापासून पटलं. नायिका मुरबाडचीच करते. आणखी एक अडचण : त्या उडणार कशावर? मी पहिल्या प्रकरणात केरसुणी लिहिलं आहे.

वाशीहून :
केरसुणी नको गं! लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, पाय लागला तर नमस्कार करतो. तिच्यावर टांग टाकून बसलेली मुलगी मराठी वाचकाला खटकेल. शिवाय ती हातभर लांब, दांडा नसलेली, बसणार कुठे? खराटा घे. नारळाच्या हिरांचा, लांब काठीला बांधलेला, अंगण आणि रस्ते झाडायचा. सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीबाहेर उभा असतोच, मुलींना रात्री गुपचूप उचलता येईल. 'खराट्यावर बसून खाडी ओलांडली' हे वाचायला मलाच आवडेल. जादूच्या काठीला कांडी म्हण, छडी म्हटलं की शाळेतला मार आठवतो.

आणि संवादांत त्यांना एकमेकींना हाक मारू दे. 'अगं चेटकिणी, जर्नल पूर्ण केलंस का?' एकीला चेटकिणी, सगळ्यांना चेटकिणींनो. दहा-पंधरा पानांत वाचकाच्या डोळ्यांपुढे तुझ्याच मुली येतील.