‘जन्मजात आहे’ म्हणून हक्क द्यायचे का?

(एक लेख आणि त्यावरच्या प्रतिक्रिया; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

मध्यान्ह

समलैंगिकतेवर वाद सुरू झाला की बाजू घेणारा माणूस हमखास सांगतो, "ते जन्मजात असतं, शास्त्रानं सिद्ध केलंय, तेव्हा स्वीकारा." मीही बाजू घेणाऱ्यांतलाच आहे. पण हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो आणि तो आपण सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी शास्त्राचं बघू. १९९१ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ सायमन लव्हे यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. ४१ मृत व्यक्तींचे मेंदू तपासून त्यांना आढळलं की हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातला एक बारीकसा पेशीपुंज समलैंगिक पुरुषांत इतर पुरुषांच्या निम्म्याहूनही लहान आहे. १९९३ मध्ये डीन हेमर यांच्या गटानं समलैंगिक भावांच्या ४० जोड्या तपासल्या. त्यांतल्या ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाकडचा एक भाग दोघा भावांत सारखा निघाला. झालं, ‘गे जनुक सापडलं’ म्हणून बातम्या सुटल्या. १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ५२ जोड्या तपासल्या, त्यांना तसं काही दिसलं नाही. आणि २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांची जनुकीय माहिती चाळल्यावर असं एकच एक जनुक नाही हे पक्कं झालं.

हेमर यांच्या निबंधावर कुणी हक्कांची मागणी उभी केली असती, तर १९९९ मध्ये ती मागे घ्यायची होती का?

दुसरं, जन्मजात ठरल्यानं माणसं सुरक्षित होतात असं इतिहासात दिसत नाही. माग्नुस हिर्शफेल्ड या जर्मन डॉक्टरांनी बर्लिनमध्ये १८९७ पासून हाच मुद्दा लावून धरला होता: निसर्गानंच तसं घडवलंय, तर शिक्षा कशाबद्दल? मे १९३३ मध्ये नाझींनी त्यांच्या संस्थेतली पुस्तकं भर चौकात जाळली. १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरानं समलैंगिक कैद्यांच्या जांघेत चिरा देऊन आत कृत्रिम ग्रंथी बसवल्या, त्यांतून पुरुषी संप्रेरक शरीरात झिरपत राहावं म्हणून. त्याचीही समजूत हीच होती की मूळ शरीरात आहे. शरीरात आहे म्हणूनच त्याला ते दुरुस्त करावंसं वाटलं. कातडीचा रंग तर उघडउघड जन्मजात, त्यानं वर्णद्वेष थांबला का?

उलट, धर्म माणसाला बदलता येतो, तरी तो पाळायचं स्वातंत्र्य आपण मूलभूत मानतो. दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एकत्र येतात, त्यात तिसऱ्याचं काही बिघडत नाही. एवढं कारण मला पुरेसं वाटतं. संशोधन खुशाल चालू दे, हक्क त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

शेवंती

तुमचा तर्क बरोबर असेल, पण तो माझ्या घरात उपयोगी पडला नसता. मला तीन मुलगे, धाकटा समलैंगिक. त्यानं सांगितल्यावर आम्ही एका समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला: हा लहानपणी तुमच्याच मागेमागे असायचा का? दुसरा प्रश्न: वडील घरात कमी असायचे का? दोन्हीला मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं. किती घरांत ते खरं असतं! त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याचं बालपण आठवून आठवून त्यात माझा दोष शोधत होते. कुठं जास्त लाड केले, कुठं त्याला खेळायला पाठवलं नाही, सगळं.

चिकटून राहणारी आई आणि दुरावलेला बाप, ही मनोविश्लेषणवाल्यांची जुनी मांडणी. १९६२ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग बीबर यांनी ती मोठ्या आत्मविश्वासानं छापली होती, हे मी पुढं वाचलं. मला त्या बोचणीतून सोडवलं ते जीवशास्त्रानं. स्वातंत्र्य, संमती हे सगळं मला पटतच होतं, पण रात्री झोप त्यानं येत नव्हती.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या १९७७ च्या पाहणीत अमेरिकेतले जेमतेम १३ टक्के लोक याला जन्मजात मानत होते, २०१८ पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर गेलं. त्याच काळात लोकांचं वागणंही बदललं. हा दुवा तुम्ही इतक्या सहज तोडू नका.

ठोकताळा

माझं मत इथं बहुतेकांना रुचणार नाही, तरी लिहितो. शास्त्राचं नाव घेता तर पुरतं घ्या. जुळ्यांवरचं संशोधन बघा. बेली आणि पिलार्ड यांच्या १९९१ च्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांतला एक समलैंगिक असेल तर दुसराही असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं. पण ते लोक मिळवले होते समलैंगिकांच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन. पुढं २००० मध्ये बेली यांनीच ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेतली, तेव्हा पुरुषांत प्रमाण २० टक्क्यांवर आलं. जनुकं हुबेहूब, गर्भाशय एक, तरी बहुतेकांचा जुळा भाऊ वेगळा. मग संगत, संस्कार, आजूबाजूचा काळ यांचा वाटा नाही असं छातीठोकपणे कसं सांगता?

लव्हे यांच्या अभ्यासातले समलैंगिक पुरुष सगळे एड्सनं गेलेले होते. २००१ मध्ये विल्यम बाइन यांनी तोच पेशीपुंज पुन्हा मोजला, तेव्हा पेशींच्या संख्येत फरक सापडला नाही. कुणाला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. पण मुलांच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या गोष्टींची चर्चाच होऊ द्यायची नाही, हे मला मान्य नाही.

जनुककथा

ठोकताळा, मी आनुवंशिकशास्त्रात काम करते. लव्हे आणि बाइन यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. जुळ्यांच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

जनुकं वजा केल्यावर उरतो तो हिस्सा संस्कारांचा, असं तुम्ही धरून चाललात. त्या उरलेल्या हिश्श्यात गर्भातल्या घडामोडी येतात, पेशींच्या वाढीतला निव्वळ योगायोग येतो. एकसारख्या जुळ्यांतला एक डावखुरा आणि दुसरा उजव्या हाताचा, असं कितीतरी वेळा असतं. तिथं आपण संगतीला जबाबदार धरत नाही. गर्भाशय एक असलं तरी दोघांना मिळणारा रक्तपुरवठा सारखा नसतो. २०१० मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास आला. पुरुषांत आनुवंशिकतेचा वाटा ३४ ते ३९ टक्के, आणि एकाच घरात वाढल्यामुळं येणारा वाटा शून्य. पुन्हा वाचा, शून्य. घर, आईबाप, शिस्त, लाड हे दोन्ही भावंडांना मिळून जे काही देतात ते सगळं त्या शून्यात आलं. स्त्रियांत मात्र हा वाटा १६-१७ टक्के निघाला, तेही सांगायला हवं.

संस्कारांची सगळ्यांत कठोर परीक्षा कुणी मुद्दाम घेतली नाही, ती वैद्यकीय निर्णयातून झाली. काही मुलगे ओटीपोटाच्या गंभीर जन्मजात व्यंगासह जन्माला येतात, शिश्न नीट घडलेलंच नसतं. पूर्वी डॉक्टर अशा काही बाळांवर शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगी म्हणून वाढवायला सांगत. कपडे, नाव, खेळणी, सगळं मुलीचं. अशा आणि अपघातानं तशीच वेळ आलेल्या मुलांपैकी ज्यांचं मोठेपणचं आकर्षण नोंदलं गेलं अशी सात उदाहरणं बेली आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या आढाव्यात एकत्र मांडली. सातही जणांना मुख्यतः स्त्रियांचं आकर्षण होतं. अगदी तान्हेपणापासून मुलगी म्हणून वाढवूनही जे हललं नाही, ते शाळेतल्या एखाद्या मित्रामुळं हलेल असं मानायला आधार काय?

शेवंतीताई, तुमचा धाकटा तिसरा मुलगा आहे म्हणून सांगते. ब्लँचर्ड आणि बोगार्ट या संशोधकांनी १९९६ पासून मांडलंय की प्रत्येक थोरल्या भावागणिक समलैंगिकतेची शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते. २००६ मध्ये बोगार्ट यांनी दाखवलं की भाऊ सख्ख्या आईचाच हवा. सावत्र किंवा दत्तक भावांसोबत वाढल्यानं काही फरक पडत नाही. त्यांचा अंदाज असा की मुलगा पोटात असताना आईच्या शरीरात पुरुषी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या मुलग्याच्या मेंदूवर त्यांचा परिणाम होतो. २०१८ मध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं समलैंगिक मुलग्यांच्या आयांत, विशेषतः थोरले मुलगे असलेल्यांत, जास्त सापडली. २०२३ मध्ये काही संशोधकांनी थोरल्या भावांच्या या हिशोबावरच गंभीर शंका घेतल्या आहेत, तेव्हा याला अंतिम समजू नका. शिवाय मूळ प्रमाणच दोन-तीन टक्के, त्यामुळं दोन थोरले भाऊ असलेले बहुतेक सगळे पुरुषही स्त्रियांकडेच आकृष्ट होतात.

ठोकताळा

सात माणसांवरून एवढं? आणि स्त्रियांतले १६-१७ टक्के तुम्ही एका वाक्यात उरकलेत.

जनुककथा

सात थोडेच आहेत, आणि अशी उदाहरणं वाढू नयेत हेच चांगलं. पण संस्कारांचा जोर असता तर सातांतला एकतरी दुसऱ्या बाजूला गेला असता. स्त्रियांवर संशोधन कमी झालंय आणि जे झालंय ते पुरुषांइतकं स्पष्ट नाही, हे मान्य.

पारवा

मी समलैंगिक पुरुष आहे आणि मला हे संशोधनच नको आहे.

मूळ फक्त आमचं का शोधता? बहुसंख्यांचं आकर्षण कुठून येतं यावर इतके मेंदू कापले गेले नाहीत. ज्याचं कारण शोधलं जातं त्याच्यावर इलाज शोधणारा मागोमाग येतोच. पूर्व जर्मनीतले गुंटर ड्योर्नर उंदरांवर संप्रेरकांचे प्रयोग करत होते आणि गर्भातच संप्रेरकं देऊन समलैंगिकता टाळता येईल असं मांडत होते. पश्चिम जर्मनीत साठ-सत्तरच्या दशकांत समलैंगिक पुरुषांच्या हायपोथॅलॅमसचा भाग जाळून टाकायच्या शस्त्रक्रिया झाल्या. छळछावणीतलं नव्हे, रुग्णालयातलं सांगतोय. २०१९ चा निबंध येऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर त्याच आकडेवारीवर ‘तुम्ही किती गे’ ते सांगणारं अ‍ॅप निघालं. संशोधकांनी हरकत घेतली, ते काढलं गेलं. पण निघालं होतं.

जनुककथा, थोरल्या भावांची मांडणी तुम्ही शेवंतीताईंना धीर म्हणून सांगितलीत. माझ्या आईला ती कुणी सांगू नये असं मला वाटतं. आधी आईचे लाड दोषी, आता आईचं रक्त.

जनुककथा

भीती खरी आहे, ड्योर्नर यांच्याबद्दलही तुमचं बरोबर. पण चांगले संशोधक बाजूला झाले तर मैदान कुणाच्या हाती राहील? ते अ‍ॅप निव्वळ फसवणूक होतं हे कशावरून कळलं? त्याच निबंधावरून. जी पाच जनुकीय ठिकाणं ठळकपणे सापडली ती मिळून एक टक्काही फरक स्पष्ट करत नाहीत. मोजलेली सगळी जनुकीय भिन्नता धरली तरी ८ ते २५ टक्के, आणि एखाद्या व्यक्तीबद्दल भाकीत करणं त्यातून शक्यच नाही. हजारो ठिकाणी विखुरलेला इतका बारीक परिणाम भ्रूणात निवडून काढता येत नाही.

पारवा

आज येत नाही.

अनवट

त्या २०१९ च्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. त्यात गट पाडले ते एकाच प्रश्नावर: समलिंगी व्यक्तीशी आयुष्यात एकदा तरी संबंध आला का? एकदा आलेला माणूस आणि जन्मभर समलिंगी जोडीदाराबरोबर राहिलेला माणूस मुख्य विश्लेषणात एकाच रांगेत. जिचं प्रेम बाईवर आहे पण जी कधी तिच्याजवळ गेली नाही, ती दुसऱ्या रांगेत. आणि अभ्यासातली बहुतेक माहिती ब्रिटनच्या ज्या जनुकीय माहितीसाठ्यातून आली, त्यातले लोक नोंदणीच्या वेळी साधारण ४० ते ७० वयाचे होते. इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्हा १९६७ मध्ये अंशतः हटला. त्यांतले थोरले पुरुष त्याआधी वयात आले होते. अशा माणसानं संगणकाच्या पडद्यावर काय उत्तर दिलं असेल? जनुकांबरोबर धाडसही मोजलं गेलं असणार. ब्रॉड या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतल्या समलैंगिक संशोधकांनी याच निबंधावर जाहीर टीका केली, ती मला योग्य वाटली.

ठोकताळा, स्त्रियांबद्दल विचारलंत. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी स्वतःला भिन्नलिंगी न म्हणवणाऱ्या ७९ स्त्रियांशी दहा वर्षं संपर्क ठेवला. त्यांतल्या दोनतृतीयांश जणींनी स्वतःची ओळख एकदा तरी बदलली. म्हणजे कुणी समजावून बदलल्या असा अर्थ काढू नका. तसा अर्थ काढणाऱ्यांना डायमंड यांनी स्वतः ठणकावून विरोध केलाय. मी उभयलिंगी आकर्षण असलेली बाई आहे. ‘बिचाऱ्यांना दुसरा पर्यायच नाही’ या दयेवर हक्क मिळणार असतील, तर मला पुरुष निवडायची मुभा आहे म्हणून माझे हक्क कमी का? मध्यान्ह यांच्याशी मी सहमत आहे ती इथं.

मध्यान्ह

अनवट, माझ्या लेखात हाच भाग राहून गेला होता, आभार. पारवा, बंदी घालून संशोधन थांबत नाही, पण आनुवंशिक चाचण्यांवर कायद्यानं बंधनं घालता येतात आणि त्यासाठी आत्तापासून भांडायला हवं. तिथं मी तुमच्याबरोबर आहे. शेवंतीताई, गॅलपच्या आकड्यांबद्दल एवढंच: लोकांनी आधी आकर्षण जन्मजात मानलं आणि मग त्यांचं वागणं सुधारलं, की ओळखीपाळखीतली माणसं उघडपणे बोलू लागल्यावर दोन्ही एकदम बदललं, हे त्या पाहणीतून ठरत नाही.

शेवंती

न ठरू दे. पारवा, आईचं रक्त दोषी असं मला एकदाही वाटलं नाही. प्रतिपिंडं मी ठरवून तयार करत नाही, त्यामुळं मला कुणी जाब विचारू शकत नाही. लाडांबद्दल विचारत होते. तुमच्या आईला वेगळं वाटेल, तर तिला सांगू नका, तो तुमचा निर्णय.

मध्यान्ह, मी आता अशा मुलांच्या आईबापांशी फोनवर बोलते. पहिल्या फोनला पलीकडची बाई हक्कांबद्दल काही विचारत नाही. ती विचारते, माझं काय चुकलं? तिला मी स्वीडनचा तो शून्याचा आकडा सांगणार. तुमचा मुद्दा दुसऱ्या-तिसऱ्या फोनला निघतो, तेव्हा तोही सांगेन.